फोंडा ते पणजी रोजचे साठ किलोमीटर: मोटरसायकल की चारचाकी?

अंत्रुजवासी

नमस्कार. गेली सात वर्षे माझी नोकरी घरापासून चार किलोमीटरवर होती, त्यामुळे वाहनाचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. फोंड्याच्या बाजारातून फर्मागुडीकडे चढताना मध्येच आमचे घर लागते. तेथून १२५ सीसीच्या मोटरसायकलवर बसले की दहा मिनिटांत कामावर. आता १ जूनपासून मला पणजीच्या कचेरीत रुजू व्हायचे आहे आणि जाऊन-येऊन साठ किलोमीटरचा प्रवास महिन्यातले चोवीस दिवस करायचा आहे. तारीखही अशी मिळाली आहे, की पहिल्या आठवड्यातच मृगाचा पाऊस गाठणार.

मोटरसायकल २०१९ सालची असून आतापर्यंत ३१ हजार किलोमीटर चालली आहे. इंजिनाची काही तक्रार नाही. टायर मात्र मूळचेच आहेत. घरात पत्नी, पाच वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने त्रासलेली ६८ वर्षांची आई आहे. पत्नीचे म्हणणे असे, की एवढा लांबचा प्रवास दुचाकीवर करण्यापेक्षा कर्ज काढून लहानशी चारचाकी घ्यावी, म्हणजे आईलाही बांबोळीच्या इस्पितळात तपासणीसाठी नेता येईल. मामांचे म्हणणे असे, की १६० सीसीची नवी मोटरसायकल घ्यावी आणि कर्जाच्या भानगडीत पडूच नये. माझ्या हाताशी दीड लाख रुपये आहेत. साडेसहा लाखांची गाडी घेतली तर पाच लाखांचे कर्ज काढावे लागेल, आणि त्याचा हप्ता पगारातून निघाला तरी महिनाअखेरीस शिल्लक अशी काही राहणार नाही.

ज्यांनी या रस्त्यावर पावसाळे काढले आहेत, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

हिशेबी

तुम्ही अनुभव विचारला आहे, पण आधी आकडे मांडून घेऊ, कारण हप्ता आणि पेट्रोल एवढ्यावरच बहुतेक जणांचा हिशेब थांबतो आणि खरा खर्च पुढच्या पाच वर्षांत हळूहळू समोर येतो.

साठ किलोमीटर आणि चोवीस दिवस म्हणजे महिन्याला १,४४० किलोमीटर झाले. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून पेट्रोल लिटरला १०० रुपये धरतो. (२०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा लिटरमागे सुमारे अकरा रुपये उतरले होते. ‘गोव्यात पेट्रोल स्वस्त’ या तेव्हाच्या आठवणीवर आजही गाडी घेणारे भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.) मोटरसायकल लिटरला ४५ किलोमीटर देत असेल, तर महिन्याला ३२ लिटर म्हणजे ३,२०० रुपये लागतील. लहान चारचाकी आपल्या चढ-उतारांवर आणि कोंडीत १६ किलोमीटर देते असे धरले, तर ९० लिटर म्हणजे ९,००० रुपये.

आता पाच वर्षांचा विचार करा. एकूण धाव ८६,४०० किलोमीटर होईल. पाच लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने घेतल्यास हप्ता सुमारे १०,३८० रुपये येतो आणि पाच वर्षांत निव्वळ व्याज सव्वा लाखाच्या आसपास जाते. साडेसहा लाखांची गाडी एवढी चालल्यावर निम्म्या किमतीला विकली गेली, तर सव्वातीन लाख तेथे गेले. पेट्रोल पाच लाख ४० हजार, विमा ७५ हजार आणि देखभाल व टायर मिळून ६० हजार. बेरीज सव्वाअकरा लाखांच्या घरात जाते, म्हणजे किलोमीटरला तेरा रुपये. नव्या मोटरसायकलचा हिशेब याच पद्धतीने केला, तर किमतीतली घट ८० हजार, पेट्रोल एक लाख ९२ हजार, विमा १५ हजार, टायर, चेन-स्प्रॉकेट आणि देखभाल ६० हजार, शिवाय हेल्मेट, रेनकोट वगैरे १० हजार. किलोमीटरला साधारण चार रुपये. दोहोंतला फरक महिन्याला पावणेतेरा हजारांचा आहे. किमती आणि घट हे माझे अंदाज आहेत, तुम्ही आपले आकडे घालून पाहा, पण प्रमाण फारसे बदलणार नाही.

विम्याची एक बारीक गोष्ट सांगतो. तृतीय पक्ष विम्याचा (म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ वार्षिक दर ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला ७१४ रुपये आहे, तर १५० सीसीच्या वर गेल्यावर तो १,३६६ रुपये होतो. १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये पडतात. नव्या दुचाकीला हा विमा पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो, हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासून आहे. मामांनी सुचवलेली १६० सीसीची मोटरसायकल वरच्या गटात जाते. रक्कम मोठी नाही, पण विक्रेता सांगतो ती किंमत आणि प्रत्यक्ष रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांतला फरक अशाच बारीकसारीक रकमांनी वाढत जातो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी या दोहोंवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे ‘आता गाड्या स्वस्त झाल्या’ हे ऐकून निर्णय फिरवू नका. दुचाकीही त्याच दिवशी स्वस्त झाल्या.

अकरा_पावसाळे

मी याच रस्त्यावरून अकरा वर्षे मोटरसायकलने पणजीला गेलो. त्यांपैकी दहा पावसाळे काहीही न होता गेले आणि एका पावसाळ्यात मी पडलो, म्हणून दोन्ही बाजू सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे असे समजतो.

नकाशावर हा रस्ता एकसलग दिसत असला, तरी दुचाकीवाल्याला तो पाच-सहा वेगवेगळ्या रस्त्यांसारखा वाटतो. फर्मागुडीला सकाळी अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले भरधाव निघालेली असतात. म्हार्दोळ आणि मंगेशी येथे देवदर्शनाला आलेल्या बसगाड्या आणि पर्यटकांच्या मोटारी कोणतीही सूचना न देता वळतात. वळणारा चालक देवळाच्या कमानीकडे पाहत असतो, तुमच्याकडे नाही. कुंडईला औद्योगिक वसाहतीचे ट्रक रस्त्यावर येतात आणि त्यांच्या चाकांबरोबर आलेला लाल चिखल पहिल्या सरीनंतर साबणासारखा होतो. भोमला रस्ता घरांच्या अगदी अंगावरून जातो आणि सगळी वाहतूक एका रांगेत येते. तेथे मोटारीत बसलेला माणूस आणि बसमधला माणूस सारखेच अडकतात, दुचाकीवाला मात्र कडेने पुढे सरकतो. हे कडेने सरकणे हाच दुचाकीचा मोठा फायदा आणि हाच तिचा मोठा धोका, कारण कडेचा डांबराचा काठ जून-जुलैत तुटलेला असतो आणि पाण्याखाली तो दिसत नाही.

बाणस्तारीचा पूल ओलांडून जुने गोवे गाठल्यावर दोन वाटा फुटतात. एक कदंब पठारावरून मेरशीकडे उतरणारा बगलमार्ग आणि दुसरी रायबंदर गावातून जाणारी जुनी वाट, जी शेवटी १६३४ साली पोर्तुगीजांनी बांधलेल्या सुमारे तीन किलोमीटरच्या कॉजवेवरून पणजीत शिरते. ऑक्टोबर ते मे या काळात ती जुनी वाटच धरा. सकाळच्या वेळी उजवीकडे मांडवी आणि डावीकडे मिठागरे असा प्रवास कचेरीत जाणाऱ्या माणसाच्या नशिबी फारसा येत नाही. पावसाळ्यात मात्र डावीकडच्या मोकळ्या जागेवरून नैर्ऋत्येचा वारा असा येतो, की हलकी मोटरसायकल हातभर बाजूला सरकते. मी पडलो तो तेथे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पडलो तो कुंडईच्या उतारावर, ताशी चाळीसच्या वेगात, पुढचा ब्रेक जरा जास्त दाबल्यामुळे. आणि तोही जोराच्या पावसात नव्हे, तर जूनमधल्या पहिल्या भुरभुरीत. रस्त्यावर आठ महिने साचलेले तेल आणि धूळ पहिल्या पावसाने वर येते, ती मुसळधार सरींनी धुऊन जाईपर्यंतचे दिवस सर्वांत वाईट. तुम्ही नेमके त्याच दिवसांत सुरुवात करणार आहात.

ताशी ६० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून ब्रेकवर बोट जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर नुसतेच कापले जाते. त्यानंतर कोरड्या चांगल्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर टायरची पकड निम्म्यावर आली, तर पस्तीस ते चाळीस मीटर. हे मोटारीलाही लागू आहे. फरक एवढाच, की मोटार घसरली तर ती चार चाकांवर उभी राहूनच घसरते आणि आत बसलेल्या माणसाला बहुधा फक्त धक्का बसतो.

म्हणून नवी मोटरसायकल घेणारच असाल, तर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या, हे विचारून घ्या. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, पण एकाच चाकाला असले तरी नियम पाळला जातो. आणि जुनी ठेवणार असाल, तर ते सात वर्षांचे मूळ टायर आजच काढून टाका. नक्षी शिल्लक दिसत असेल, पण एवढ्या वर्षांत रबर कडक होते आणि कडक रबराला ओल्या रस्त्यावर पकड उरत नाही.

बार्देसकरीण

मी म्हापशाहून येते, त्यामुळे तुमच्या वाटेचा मला अनुभव नाही, परंतु पणजीत पोहोचल्यावर काय होते ते मात्र सर्वांना सारखेच आहे.

आमच्याकडे यजमानांची मोटार आणि माझी स्कूटर अशी दोन्ही वाहने आहेत आणि दोघांच्याही कचेऱ्या १८ जून मार्गाच्या परिसरात आहेत. २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेल्या मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी असल्यामुळे ते वरून जातात आणि मी खालच्या पुलावरून. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामाने आम्हा दोघांनाही पुरेसा त्रास दिला आहे. पण शहरात शिरल्यानंतर मी पाच मिनिटांत जागेवर असते आणि ते कितीतरी वेळ जागेच्या शोधात फेऱ्या मारत असतात. शेवटी ते पाटोच्या बहुमजली वाहनतळावर गाडी ठेवून चालत येऊ लागले. तुम्ही चारचाकी घेतली, तर कचेरीत तिला जागा आहे का, हे आपण लिहिलेले नाही. तो मुद्दा मला पेट्रोलपेक्षा मोठा वाटतो.

अंत्रुजवासी

सर्वांचे मनापासून आभार. बार्देसकरीण ताई, माझ्या लिहिण्यातून राहूनच गेले: कचेरी पाटोवरच आहे, बसस्थानकापासून चालत सात-आठ मिनिटांवर. इमारतीच्या तळघरात चारचाकींसाठी जागा आहे, पण ती वरिष्ठांच्या नावाने वाटलेली आहे. दुचाकींसाठी मागच्या बाजूला छप्पर आहे.

हिशेबी साहेबांनी दिलेले आकडे पत्नीला दाखवले. तिने ते शांतपणे वाचले आणि विचारले, “यात पडण्याचा खर्च कुठे आहे?” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

जुनी म्हणजे कोणी तरी वापरलेली चारचाकी तीन-साडेतीन लाखांत घ्यावी, असाही एक विचार आहे. त्याविषयी कोणी सांगू शकेल का?

सत्तरीकर_काका

तुमच्या पत्नीचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला आकड्यांतच उत्तर देता येते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. आपल्या गोव्यात तर घरटी एकाहून अधिक दुचाकी असल्याने वर्तमानपत्र उघडले की काय वाचायला मिळते, ते वेगळे सांगायला नको. चांगले हेल्मेट नीट बांधले तर मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेले अनुमान आहे. म्हणजे हेल्मेट घातल्यावरही बराचसा धोका उरतोच, शिवाय हातपाय आणि कंबर यांचे ते काहीच रक्षण करीत नाही. मी वाळपईहून पणजीला वीस वर्षे दुचाकीवर गेलो, पन्नाशीनंतर मोटार घेतली आणि ती दहा वर्षे आधी घ्यायला हवी होती असे मला आज वाटते. पाठीच्या खालच्या दोन मणक्यांनी मला ते पटवून दिले.

रात्रीचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. कचेरीत एखाद्या दिवशी उशीर होतो. आठनंतर फोंड्याकडची बस विरळ होते, आणि दुचाकीवर निघालात तर पावसाळ्यात कोरड्या डांबरावर येऊन बसलेली गुरे समोर कधी उभी राहतील ते सांगता येत नाही. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर पावसात दहा मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता वापरलेल्या मोटारीविषयी. ती जरूर घ्या, पण पावसाळ्याच्या तोंडावर घाई करून घेऊ नका. गाडी उचलून खालून पाहा. आपल्या खाऱ्या हवेत दारांच्या खालच्या कडा आणि सायलेन्सर आधी गंजतात. पायाखालचे गालिचे उचलून वास घ्या, कुबट वास येत असेल तर तिच्यात कधी तरी पाणी शिरलेले आहे. पूर्वी ती काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या क्रमांकाने पर्यटकांना भाड्याने जात होती का, ते नोंदणीच्या कागदांवरून तपासा, कारण तशी गाडी शेकडो अनोळखी हातांतून गेलेली असते. दुसऱ्या राज्यातली स्वस्त मिळते म्हणून आणाल, तर तिकडच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि इकडचा रस्ता कर यांचा खर्च त्यात मिळवा. गोव्यातलीच असेल तर नमुना २९ आणि ३० भरून नावावर करून घ्या आणि विमाही लगेच आपल्या नावावर फिरवा. माझ्या एका परिचिताने हे सहा महिने लांबवले आणि मधल्या काळात गाडी ठोकली. दुरुस्तीचा सगळा भार त्याच्याच खिशावर पडला.

हिशेबी

काकांशी मी सहमत आहे, असे म्हणायला मला दोन वेळा विचार करावा लागला, पण एका गोष्टीवर सहमत नाही. मोटारीत धोका कमी, हे खरेच. परंतु जो माणूस हप्ता फेडण्यासाठी शिल्लक शून्यावर आणतो, तो टायर झिजल्यावर ते आणखी एक पावसाळा ओढतो, विम्याचे नूतनीकरण करताना सर्वांत स्वस्त योजना घेतो आणि पाण्यात इंजिन बंद पडले, तर त्यासाठी घ्यायचे वेगळे संरक्षण त्याने घेतलेले नसते. इंजिनात पाणी ओढले जाऊन बिघाड झाल्यास साध्या विम्यातून भरपाई मिळणे कठीण असते, ही गोष्ट बहुतेकांना गाडी ओढून नेल्यानंतरच कळते.

शिवाय मूळ प्रश्नात दोन गरजा एकत्र गुंतलेल्या आहेत. आईला बांबोळीला नेणे ही महिन्यातून एकदा-दोनदाची गरज आहे आणि कचेरी ही चोवीस दिवसांची. पहिलीसाठी टॅक्सी महाग पडते, मान्य, पण महिन्याच्या पावणेतेरा हजारांच्या तुलनेत ती किती महाग आहे ते मांडून पाहा.

विजेवरची_स्वारी

फारच थोडक्यात लिहितो. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा विचार केला आहे का? साठ किलोमीटरची फेरी बहुतेक मोठ्या बॅटरीच्या स्कूटर एका चार्जिंगमध्ये करतात आणि घरी अंगणात सोय असेल तर चार्जिंगचा खर्च पेट्रोलच्या मानाने किरकोळ आहे. जाहिरातीतल्या आकड्यातून मात्र पाव भाग वजा करूनच धरा, फर्मागुडीचा चढ रोजचाच आहे.

अकरा_पावसाळे

स्कूटरला या रस्त्यासाठी माझा एकच आक्षेप आहे, आणि तो विजेला नसून चाकांना आहे. बहुतेक स्कूटरची चाके दहा किंवा बारा इंची असतात, मोटरसायकलची सतरा इंची. पाण्याने भरलेल्या ज्या खड्ड्यावरून मोठे चाक नुसता धक्का देऊन पार होते, त्यात लहान चाक आत जाऊन अडकते. शहरात स्कूटर उत्तम, भोमच्या पलीकडे मला ती नको.

पण अंत्रुजवासी यांनी पाटो म्हटल्याबरोबर माझे सगळे मत बदलले आहे. मी पणजीत आल्तिनोवर कामाला होतो, बसस्थानकावर उतरून टेकडी चढायची म्हणजे घामाने किंवा पावसाने भिजणे ठरलेले, म्हणून मी दुचाकी धरली. तुमची कचेरी स्थानकाच्या दारात असताना तुम्ही चारचाकी आणि दुचाकी यांच्यातच का निवड करत आहात, हे मला समजत नाही. फोंडा-पणजी मार्गावर सकाळी कदंब महामंडळाच्या सरकारी आणि खासगी बसगाड्यांची रांग असते. मोटरसायकल फोंडा स्थानकाजवळ ठेवावी आणि जून ते सप्टेंबर बसने जावे. बसमध्ये उभे राहावे लागेल, खिडकीतून पाणी येईल, आणि कंडक्टर ‘फुडें वच, फुडें वच’ म्हणून मागून ढकलील. पण कुंडईच्या उतारावर ब्रेक दाबण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी असेल.

सत्तरीकर_काका

बसचे मीही म्हटले असते, पण आठनंतरचे काय ते सांगा.

अकरा_पावसाळे

काका, मुद्दा योग्य आहे. त्याला माझे उत्तर असे, की उशीर होणार हे बहुधा दुपारी कळते, आणि एवढ्या मोठ्या कचेरीत फोंड्याकडे चारचाकीने जाणारा एखादा सहकारी असणारच. नसेल तर त्या दिवसापुरते टॅक्सीचे पैसे मोजावेत. महिन्यातून दोन रात्रींसाठी साठ महिन्यांचे कर्ज काढू नये, एवढेच माझे म्हणणे.

बार्देसकरीण

एक पुरवणी जोडते. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याला सां फ्रान्सिस्कु शावियेरचे फेस्त असते आणि त्याच्या आधीचे नऊ दिवस नोव्हेनाचे. त्या काळात जुन्या गोव्याजवळची वाहतूक वळवतात. तेव्हा तुम्ही दुचाकीवर असाल, तर वेळेवर पोहोचाल, बसमध्ये असाल तर पुस्तक सोबत ठेवा. आणि पणजीत दुचाकी ‘नो पार्किंग’मध्ये पाच मिनिटांसाठीही ठेवू नका, मी एकदा औषध घ्यायला थांबले आणि औषधाच्या दुप्पट किमतीचा तालांव, म्हणजे दंडाची पावती, घेऊन परतले.

अंत्रुजवासी

या चर्चेनंतर मी प्रत्यक्षच करून पाहायचे ठरवले. रुजू होण्यापूर्वीची रजा शिल्लक होती, म्हणून सोमवारी मोटरसायकलने आणि मंगळवारी बसने, दोन्ही दिवशी कचेरीच्या वेळेलाच पणजीला जाऊन आलो. सोमवारी ८ वाजून १० मिनिटांनी घर सोडले आणि ९ वाजून ५ मिनिटांनी पाटोवर होतो. येताना मात्र मनगटे आणि मान दोन्ही बोलू लागली. साठ किलोमीटर म्हणजे काय ते चार किलोमीटरच्या सवयीला कळलेले नव्हते. मंगळवारी मोटरसायकल स्थानकाजवळ ठेवून ८ वाजून २० मिनिटांची बस धरली, म्हार्दोळपर्यंत उभा राहिलो, भोमला दहा मिनिटे अडकलो आणि ९ वाजून २५ मिनिटांनी उतरलो. वीस मिनिटे उशीर झाला, पण बाणस्तारीपासून पुढे मला चक्क झोप लागली होती.

घरी बसून ठरवले ते असे. सप्टेंबरअखेरपर्यंत बस. मोटरसायकलचे दोन्ही टायर आणि चेन आजच बदलायला टाकले आहेत. पुढच्या ब्रेकचा पॅडही झिजलेला निघाला, तो तसाच घेऊन मी सात वर्षे हिंडत होतो असे यांत्रिकाने सांगितले तेव्हा थोडी लाज वाटली. नवी मोटरसायकल सध्या घेत नाही. दीड लाख तसेच ठेवून, दरमहा हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकत राहायची, म्हणजे हप्ता देणे खरोखर झेपते की नाही ते वर्षभरात कळेल. चवथीनंतर पत्नीबरोबर वापरलेल्या चारचाकी पाहायला सुरुवात करू, त्या वेळी काकांना पुन्हा त्रास देईन. ती गाडी आली तरी आईसाठी आणि रविवारसाठी असेल, पाटोच्या तळघरात वरिष्ठांच्या जागा रिकाम्या होतील अशी चिन्हे नाहीत. पत्नीने या सगळ्याला संमती दिली आहे, पण ऑक्टोबरपासून मोटरसायकलवर जायचे तर आधी हेल्मेट बदल, ही तिची अट आहे. माझ्या हेल्मेटची आतली गादी दाबून सपाट झालेली आहे, हे तिने बोटाने दाखवले.

शेवटचा प्रश्न. घरापासून स्थानकापर्यंत आणि परत, तेवढ्यापुरता का होईना, रेनकोट लागणारच. अंगभर एकसंध घ्यावा की दोन तुकड्यांचा?

अकरा_पावसाळे

दोन तुकड्यांचा. बसमध्ये चढण्यापूर्वी वरचा काढता येतो आणि विजार तशीच ठेवता येते. घेताना एक माप मोठा घ्या, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहा, आणि हेल्मेटवर आयएसआयचे चिन्ह पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कचेरीच्या खणात कोरड्या मोज्यांचा एक जोड जूनच्या पहिल्याच दिवशी नेऊन ठेवा.